अबोलीभोवतीचा गडगा

जोगेश्वरी (पूर्व),
३ मार्च १९८५

श्यामदादा,

तुझं कार्ड मिळालं. असला मजकूर उघड्या कार्डावर लिहितात का रे? पोस्टमन, शेजारचा अंबादास, त्याची बायको चंपा, सगळ्यांचं वाचून झालं आणि मग ते माझ्या हातात आलं. मी पाकिटात घालून लिहितोय. नमस्कार तूच समजून घे, माझे हात आत्ता जोडले जात नाहीत.

तुझं म्हणणं कळलं. बाबांच्या वर्षश्राद्धाला तू चार माणसं आणि पहारी घेऊन येणार, आईच्या अबोलीभोवती मी घातलेला गडगा उखडणार, त्यात गेलेला बाबांचा जीवखडा शोधणार आणि नाशकाला नेऊन गोदावरीत सोडणार. तोवर बाबांना गती नाही आणि मी तुझा भाऊ नाही. ठीक आहे, ये. मागच्या वेळी तुझे दोन दात पडले, बाकीचे अजून जागेवर असतील.

नाशकात तू सगळ्यांना सांगतोयस की बाळाने दारू पिऊन सुतकात दगडकाम काढलं आणि बापालाच दगडात चिणलं. मी प्यायलो नव्हतो. बाकीचं सांगतो, कारण त्या दिवसांत तू पुढच्या दारात खुर्ची टाकून भेटायला येणाऱ्यांपुढे रडत होतास. मागच्या दारी काय चाललंय ते तुला दिसत नव्हतं.

बाबा गेल्यापासून आई कुणाशी बोलली नव्हती. चौथ्या दिवशी तिने मला मागच्या दारी हाक मारली. म्हणाली, "बाळा, हय गडगो घाल."

आपली चाळ उतारावरची. दर पावसाळ्यात तिच्या वाफ्यातली माती वाहून गटारात जायची आणि अबोलीची मुळं उघडी पडायची. दर वर्षी ती बाबांना सांगायची, कडेने दगड लावून द्या. बाबा म्हणायचे, "तुका काय बंगलो होयो?" एका वर्षी तिने स्वतः चार दगड आणून लावले, तर बाबांनी त्यातलाच एक उचलून तिच्या पायावर घातला. तू तेव्हा नाशकात होतास. तुला पत्रात आम्ही लिहिलं होतं की आई मोरीत घसरली.

सुतकात माती खणू नये हे मलाही कळतं. मला वाटलं दुःखाने तिचं डोकं फिरलंय, तिचं ऐकावं. शिवाय हाताला काम मिळालं तर मलाही हवंच होतं. अंबादासची हातगाडी घेतली आणि टेकडीमागच्या खाणीतून डबर आणला. सिमेंट नाही, वाळू नाही. आचऱ्याच्या मामाने शिकवला तसा सुका गडगा. आधी चर खणायचा, तळाला मोठे दगड बसवायचे, सांधे चुकवून वरचा थर चढवायचा, आणि दगड डुगडुगला की फटीत बारीक चीप ठोकायची.

तू सुट्टीत मामाकडे कधी राहिला नाहीस म्हणून सांगतो. मोठा दगड बघून लावतात, चीप बघून लावत नाहीत. नजर दगडावरून काढायची नसते. आपला हात मागे करायचा, मागे बसलेला माणूस हातावर चीप ठेवतो, ती बोटांनी चाचपून फटीत सारायची आणि हातोडी मारायची. मामाच्या मागे मामी बसायची. माझ्या मागे आई बसली होती.

स्मशानात मडकं फोडलेला तो खडा, दहाव्यापर्यंत गेलेल्याचा जीव ज्यात मानतात तो, तू फडक्यात बांधून तगरीखाली ठेवला होतास, घरात घ्यायचा नसतो म्हणून. चिपांचा ढीग तिथेच पडला होता. फडकं सुटलं असेल, खडा ढिगात गेला असेल आणि आईने न बघता माझ्या हातावर ठेवला असेल. यात कुणाचा गुन्हा झाला?

दहाव्याला सकाळी तू फडकं उचललंस तर ते रिकामं. भटजी रिक्षात बसून राहिले आणि तू पहार घेऊन गडग्यावर धावलास. आई आडवी आली तर तिला ढकललंस. ते मी पाहिलं, पुढचं मला तुटक आठवतं. हातोडीच्या दांड्याने मी तुझ्या तोंडावर मारलं हे खरं. तू माझ्या पायावर पहार घातलीस हेही खरं. दोन बोटं गेली, तिसरं वाकडं जुळतंय. तू वाफ्यात उताणा पडला होतास आणि तोंडातलं रक्त अबोलीवर थुंकत होतास. मी तुझे केस धरून डोकं त्याच गडग्यावर आपटणार होतो. अंबादासने मागून मिठी मारली म्हणून तू आज कार्डं लिहितोयस.

मग वर्सोव्याच्या किनाऱ्यावर भटजींनी खड्याच्या जागी दर्भ ठेवून वेळ मारून नेली. कावळा शिवेना तेव्हा कावळाही दर्भाचाच केला.

तू गेल्यावर मी आईला विचारलं, गडगा काढू का. ती नाही म्हणाली. ती नाही म्हणते तोवर तिथला एकही दगड हलणार नाही.

बाळा


२१ जुलै १९८५

श्यामदादा,

वर्षश्राद्धाची वाट बघणार होतास ना? मग वाकोल्याच्या चंद्रप्रकाशला का पाठवलंस? आत्येभाऊ म्हणून त्याला घरात घेतात, चहा देतात. आईने दिलाही. मी कारखान्यात आहे हे बघूनच तो आला होता, पिशवीत कुदळ घालून.

चहा पिऊन तो मागच्या दारी गेला आणि खणायला लागला. आईने आरडाओरडा केला नाही. गडग्याच्या कोपऱ्यातली खांडकी, सगळ्यात मोठा दगड, त्यावर जाऊन बसली आणि उठेना. त्याने आधी गोडीत सांगितलं, मग दंड धरून ओढलं. तेव्हा ती त्याच्या मनगटाला चावली. चंपावहिनी म्हणते, शेजारच्या दोघींनी मिळून सोडवेपर्यंत आईने दातांतून मनगट सोडलं नाही.

नेमका त्या दिवशी मी लवकर सुटलो. दादा, मी त्याला गल्लीतून फरफटत नळापर्यंत नेला. आधी चपलेने मारला, मग लाथांनी. तो हात जोडत होता, श्यामदादाने सांगितलं म्हणून आलो म्हणत होता. दर लाथेला मला बरं वाटत होतं, ते कशाला लपवू? त्याच्या दोन बरगड्या गेल्या. पोलीस चौकीत सायकलवरून पडलो म्हणून सांगायला त्याला अंबादासने पटवलं. तुझ्या माणसाचं औषधपाणी तू बघ.

पण एक गोष्ट तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. त्याला मारताना माझ्या तोंडून शिव्या जात होत्या त्या बाबांच्या होत्या. त्याच शिव्या, त्याच क्रमाने, मध्ये श्वास घ्यायची जागासुद्धा तीच. मी मान वर केली तर आई दारात उभी होती. तिने डावा हात कानावर धरला होता. बाबा धोटा उचलायचे तेव्हा ती असाच कान झाकायची. मिलमधून आणलेला तो लाकडी धोटा तुला आठवत असेल, लोखंडी टोकाचा, भिंतीला टांगलेला. त्या कानाने तिला आता काहीच ऐकू येत नाही. तरी तोच कान झाकते.

त्या रात्री ती मला जेवायला वाढून दूर जाऊन बसली. मी जवळ गेलो तर अंग चोरलं. 

मी तिच्या पायावर हात ठेवून सांगितलं की घरात कधी हात उचलणार नाही. तिने ऐकून घेतलं. बाबांनीही असं पुष्कळदा सांगितलं होतं.

तेव्हा दादा, माझ्यावर मेहरबानी कर आणि कुणाला पाठवू नकोस. मला परत तसं व्हायचं नाही. तूच येणार असशील तर गोष्ट वेगळी.

गडगा छान बसलाय. इतका पाऊस झाला तरी माती जराही गेली नाही आणि अबोली कमरेला लागते. हे तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगतो.

बाळा


८ ऑक्टोबर १९८५

दादा,

पत्र वाचलं. क्षमावहिनीचं वाचून खूप वाईट वाटलं. पाचव्या महिन्यात गर्भ गेला म्हणजे त्याला हातपाय फुटलेले असणार. कसे दिवस काढत असेल ती. तिला माझा नमस्कार सांग, आणि या वेळी तो मनापासून आहे.

जोशीबुवांनी सांगितलं की घरातला पुरुष अडकलाय, त्याला मोकळं करा, मग पाळणा हलेल. माझा विश्वास नाही. पण वहिनीचा आहे आणि ती रात्र रात्र जागून तुला म्हणते की माझ्या मुलाला सासऱ्यांनी नेलं, हे वाचून मला तुझ्यावर रागावताच येईना. आठ महिने जो राग जपून ठेवला होता तो तू एका पानात वाया घालवलास.

पण आईपुढे मी काय करू? पितृपंधरवडा चालू आहे म्हणून मी तिला विचारलं, बाबांचं पान ठेवायचं ना? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पान कोणाक? तो खय गेलो नाय."

मला गलबलून आलं. माणूस जाऊन इतके महिने झाले तरी तिच्या मनातून गेलेला नाही. इतका मार खाऊनसुद्धा. बायकांचं मन आपल्याला कळत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

रोज उठली की ती मागच्या दारी जाते आणि गडग्याच्या त्या कोपऱ्याशी बसते. तिथेच बसून मशेरी लावते, तिथेच तोंड धुते. पूर्वी मोरीत उरकायची, आता मोरी चालत नाही. ताप असला तरी उठून तिथेच जाते. काहीतरी पुटपुटतेही. बाबांशी बोलत असेल. जन्मभर बोलायची सोय नव्हती, आता बोलून घेते.

एरवी तिची तब्येत सुधारलीये. अंगावर मांस आलंय. रात्री एकदा पडली की सकाळपर्यंत कूस बदलत नाही. पूर्वी पायऱ्यांवर पावलं वाजली तरी ताडकन उठून बसायची, आठवतं? संपात मिल बंद झाली आणि बाबा घरी बसले, तेव्हापासून तर ती झोपायचीच नाही. आता घोरते. चंपावहिनी चिडवते, "आत्ये, तुमच्या घोरण्याने आमचे पत्रे हलतात." आई हसते. वरचे दात नसलेलं तिचं हसू मी विसरलोच होतो. ते दात कधी गेले ते तू विचारणार नाहीस, मी सांगणार नाही.

तर अशा बाईला कसं सांगू, की उठ, मला तुझा गडगा उकरायचाय? थोडा धीर धर. मीच काहीतरी मार्ग काढतो. तू पहारी आणू नकोस.

तुझा,
बाळा


११ फेब्रुवारी १९८६

दादा,

अक्षर लागायला त्रास होईल. उजव्या हाताला टाके आहेत, डाव्याने लिहितोय. कारखान्यात पत्रा लागला असं सगळ्यांना सांगितलंय. तुलाही तेच लिहिलं होतं, पण तो कागद फाडला.

रविवारी मी स्वतःच गडगा काढायला बसलो होतो. अधिक महिन्यामुळे पुढे गेलेलं श्राद्धही दोन आठवड्यांवर आलं, तू येणारच, आणि आलास की आपल्यातला एकजण स्मशानात नाहीतर दोघंही कोठडीत जाणार हे मला स्पष्ट दिसत होतं. वहिनीही डोक्यातून जात नव्हती. म्हटलं, आपणच हळूच दगड काढू, खडा मिळाला तर तुझ्याकडे पोचवू आणि संध्याकाळच्या आत गडगा होता तसा लावून टाकू. आई चंपावहिनीकडे पापड लाटायला गेली होती.

एका टोकापासून सुरुवात केली. चिपा बाजूला काढून एकेक बघत होतो. जीवखडा कसा दिसत होता तेही नीट आठवत नव्हतं, तरी वाटत होतं, हाताला लागला की कळेल. करत करत कोपऱ्यातल्या खांडकीपाशी आलो. तिच्याखाली पहार सारली आणि अंगाचा भार टाकला, तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली.

तिने थांब म्हटलं नाही. हातात नारळाची कोयती होती, ती सरळ माझ्या हातावर मारली.

हाड दिसलं, दादा. रक्ताची चिळकांडी तिच्या लुगड्यावर उडाली. मी खाली बसलो. मला वाटलं आता ती घाबरेल, धावत येईल. तिने कोयती पुन्हा उचलली होती. आपली आई, जी गटारीला कोंबडं कापायचं झालं तर अंबादासला बोलवायची. म्हणाली, "तेका उठवलंस तर तुका हयच तोडीन. जिवंत आसताना माका दाबून ठेवल्यान. आता मी दाबलंय. उठाक देवचंय नाय."

मग कोयती टाकून तिने पदर फाडला आणि माझा हात बांधला. बांधता बांधता सगळं सांगितलं, भाजीला काय आणायचं ते सांगावं इतक्या साधेपणाने.

फडकं सुटलं नव्हतं. तिने सोडलं होतं. मी हात मागे केला तेव्हा तिने माझ्या हातावर चीप ठेवली नाही, बाबांना ठेवलं. मी चाचपलं, फटीत सारलं आणि हातोडी मारली. मग तिने मला ढिगातली सगळ्यात जड खांडकी त्याच्यावर ठेवायला लावली. मला ते आठवतं. मी म्हणालो होतो, आई, कोपऱ्याला एवढा दगड कशाला? ती म्हणाली होती, "कोपरो घट्ट होयो."

आणि रोज सकाळी ती तिथे बसून बाबांशी बोलत नाही. मशेरी लावून त्यांच्यावर चुळा टाकते. पुटपुटते त्या शिव्या असतात. बाबांच्याच, त्याच क्रमाने. इतकी वर्षं त्यांनी तिला दिल्या तशा ती परत करतेय. मी तुला काय काय लिहिलं होतं ते आठवून मला माझी लाज वाटली. बायकांचं मन म्हणे.

तू म्हणशील, बाबा असे नव्हते. तुझ्यावर त्यांनी कधी बोट उगारलं नाही हे खरं. भजनात पखवाज घेऊन बसले की बघत राहावं असे दिसायचे, हेही खरं. पण दादा, धोटा भिंतीवरून निघाला की रेडिओ कोण मोठा करायचं? मी पांघरुणात तोंड घालायचो आणि तू उठून रेडिओ मोठा करायचास. बातम्या असल्या तर बातम्या, कामगार सभा असली तर कामगार सभा. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तुला सगळं माहीत होतं, फक्त आवाज माहीत नव्हता.

मी गडगा पुन्हा लावला. एका हाताने जमेना, तेव्हा मोठे दगड अंबादासने उचलून दिले. चिपा आईने दिल्या. आता मी वळून बघत होतो, तर ती म्हणाली, फुडे बघ. कोपऱ्याला आम्ही हात लावला नाही.

या पत्रासोबत फडक्यात बांधून एक खडा पाठवतोय. ढिगातली उरलेली चीप आहे, रंगाने आणि आकाराने कुणाला शंका येणार नाही. रामकुंडावर भटजी बोलव, तिळाचं पाणी घाल आणि सोडून दे. वहिनीला सांग, बाळाने शोधून दिला, सासरे मोकळे झाले. तिला शांत झोप लागू दे. पाळणा हलायचा असेल तर आईच्या झोपेने हलेल असं मला वाटतं, पण ते तिला सांगू नकोस.

हा खडा तुला काही न सांगताही पाठवता आला असता. तू खूश झाला असतास. मग इथे येऊन फोटोला हार घातला असतास आणि आईसमोर बसून म्हणाला असतास, बाबा म्हणजे देवमाणूस. ती परत गप्प झाली असती. ते मला बघवलं नसतं. आणि खरं सांगू? मला हे एकट्याला पेलत नाही. बाप दोघांचा आहे.

आता तूच ठरव. पहार घेऊन आलास तर दारात आई असेल आणि तिच्यापुढे मी असेन, एक हात का असेना. या वेळी अंबादासला मध्ये येऊ देणार नाही. तू पडशील किंवा मी, पण ती खांडकी हलणार नाही.

नुसताच आलास तर रात्रीच्या गाडीने नीघ, म्हणजे उजाडताना पोचशील. आई तेव्हाच उठते. मागच्या दारी, गडग्याच्या त्या कोपऱ्याशी, बादली आणि तांब्या भरून ठेवतो.

तोंड धुवून येऊ नकोस.

तुझा भाऊ,
बाळा